आभाळाकडे तोंड झालेला राखणदार

मित्रांनो, मी एक जुना राखणीचा कॅमेरा आहे. मारेगावजवळच्या एका कपाशीच्या शेतात, लोखंडी खांबावर माझं बिऱ्हाड आहे. कारखान्यात मला अंधारात पाहणारा डोळा मिळाला, म्हणून हे शेत कसणाऱ्या धर्मपालने रानडुकरांवर नजर ठेवायला मला इथे आणलं. सुरुवातीला माझं काय कौतुक झालं! मग एका वानराने माझ्यावर झोका घेतला आणि माझं तोंड आभाळाकडे झालं ते झालंच.

"डुकरं काय आभायातून येतात?" म्हणत धर्मपालने मला भंगारात काढायचं ठरवलं. मला फार वाईट वाटलं.

त्याची आई तुळसाबाई रोज संध्याकाळी माझ्या खांबाखाली बसते. हे शेत म्हणजे तिचा जीव की प्राण. एकदा दिवेलागणीनंतर आमच्या डोक्यावर स्वच्छ चांदणं होतं आणि दूर तेलंगणाकडच्या ढगांत लखलखाट चालला होता. तेवढ्यात त्या ढगांच्याही कितीतरी वर काहीतरी लाल चमकलं आणि विझलं.

"ईज वर चढली!" ती ओरडली.

"आई, ईज पडत असते, चढत नसते," धर्मपाल म्हणाला. "तुहे डोये गेले आता. उद्यापासून शेतात येऊ नको."

"म्या पाह्यलं ना बापा!" म्हणत ती त्या ढगांवर बोट दाखवत राहिली. मीही पाहिलं होतं, पण मला विचारतो कोण?

विचारलं ते तिच्या सुनेने. उर्वशी शाळेत विज्ञान शिकवते. तिने माझं चित्रण मोबाईलवर घेतलं आणि एकेक चित्र थांबवून पाहिलं. एका चित्रात तो लाल झुबका होता, पानांसकट उपटलेल्या गाजरासारखा! जमिनीवर जबरदस्त वीज कोसळली की कधीकधी ढगांच्या खूप वर विजेचा ताण पोचतो आणि तिथली विरळ हवा क्षणभर लाल उजळते. शास्त्रज्ञ त्याला स्प्राइट म्हणतात.

"आई, ती पडली नाही आन् चढलीबी नाही. वरच पेटली," उर्वशी म्हणाली.

"मंग कापसावानी फुटली म्हन ना!" तुळसाबाई खुदकन हसली.

धर्मपालची मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी तोच आईला शेतात घेऊन आला. डुकरांसाठी आता दुसरा कॅमेरा आहे आणि मी मात्र वरच पाहतो.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, एवढं तर मी मागेनच. पण तुमच्या घरातल्या म्हातारीने आभाळाकडे बोट दाखवलं, तर तिच्या डोळ्यांवर शंका घेण्याआधी एकदा आभाळाकडे बघा.