एका भिंगाची तक्रार: डायनाचा दुसरा पेपर

मित्रांनो, मी एक भिंग आहे. जुनं आहे, पितळी कवचातलं आहे आणि सध्या चिडलेलं आहे. चिडक्या वस्तूची गोष्ट मुलांनी ऐकावी की नाही, मला ठाऊक नाही. पण गोड बोलणं मी हल्ली सोडून दिलं आहे.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यातला. तिथे प्रयोगशाळांचं सामान बनायचं. उस्मान नावाचा कारागीर माझी काच घासायचा, उजेडाकडे धरायचा आणि नाक मुरडून पुन्हा घासायला घ्यायचा. एकदाचं त्याचं समाधान झालं आणि मला कवच मिळालं. मी कुठलीही वस्तू दहापट मोठी दाखवतो. याचा मला थोडा गर्व आहे, तो माझ्या बोलण्यात तुम्हाला दिसेलच.

मला मुंबईच्या एका दुकानातून आल्फ्रेडने विकत घेतलं. तो वसईचा. त्याची मुलगी डायना कॉलेजात भूशास्त्र शिकायला निघाली होती आणि नातेवाईक तोंडं वाकडी करून विचारत होते, की मुलीने दगडं शिकून करायचं काय. आल्फ्रेडने कुणाशी वाद घातला नाही. मला दोरीत ओवलं, लेकीच्या गळ्यात घातलं आणि म्हणाला, "जप गो, हरवू नको."

वर्गातली बाकीची मुलं मला हात लांब करून धरायची, सिनेमातल्या पोलिसासारखी. असं काही दिसत नाही. मला अगदी डोळ्याशी न्यायचं आणि मग दगड माझ्यापाशी आणायचा. डायनाला हे कुणी शिकवावं लागलं नाही. तिने चुनखडीच्या तुकड्यात पहिल्यांदा शिंपल्याची इवलीशी नक्षी पाहिली, तेव्हा ती इतका वेळ श्वास रोखून उभी राहिली की मीच घाबरलो.

शिकून झाल्यावर ती जमिनीची तपासणी करणाऱ्या कंपनीत लागली. इमारत बांधण्याआधी जमिनीत खोल भोक पाडतात, त्याला बोअर म्हणतात. त्यातून खडकाचे लांब गोल तुकडे निघतात. ते वाचणं हे डायनाचं काम, आणि तिचा डोळा म्हणजे मी. तिथेच मेल्विन भेटला. तोही वसईचा, तोही भूशास्त्राचा, हसतमुख आणि जरा धांदरट. लग्न ठरलं तेव्हा दोघांनी मिळून आणखी एक गोष्ट ठरवली. परदेशातल्या एका मंडळाची, भूवैज्ञानिकाच्या परवान्याची परीक्षा द्यायची. आखातातल्या बड्या कामांवर परवानाधारकाचीच सही चालते. परीक्षेचे पेपर दोन. पहिला पास झाला की पाच वर्षांच्या आत दुसरा द्यायचा, नाहीतर पहिलाही रद्द. पहिला पेपर दोघांनी बरोबर दिला आणि दोघंही पास झाले. गुण डायनाचे जास्त होते. हे मी मुद्दाम सांगतोय.

मग मेल्विनला कतारमध्ये नोकरी लागली आणि आम्ही दोह्याजवळ अल गराफाला एका व्हिलाच्या मागच्या भागात राहायला आलो. जोआनाचा जन्म झाला. डायना नवऱ्याच्या व्हिसावर होती, म्हणून तिचं सगळंच मेल्विनच्या मोबाइलवर यायचं. तिचं ओळखपत्र, तिच्या डॉक्टरची वेळ, तिच्या बँकेचे मेसेज, सगळं. इथल्या बऱ्याच घरांत असंच असतं. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही, आणि तेव्हा मलाही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या पेपरची वेळ आली. मेल्विनच्या कंपनीने सांगितलं, परवाना असेल त्यालाच पुढे ठेवणार. त्याची नोकरी गेली असती तर सगळ्यांनाच परत जावं लागलं असतं. जोआना तान्ही होती, दोघांना एकदम परीक्षेला बसणं जमणारं नव्हतं. डायना म्हणाली, "आधी तुझं होऊ दे." तिनेच त्याचा अभ्यास घेतला. शुक्रवारी चर्चहून परतताना कुठे खोदकाम दिसलं की ती गाडी थांबवायला लावायची, कडेला पडलेले दगड उचलायची आणि घरी ओट्यावर मांडायची.

"यल्ला, चल, विचार," मेल्विन खुर्ची ओढून म्हणायचा.

"हा कुठला?"

"लाइमस्टोन."

"न बघताच? भिंग घे. लिंबू पिळ. फेस आला तरच चुनखडी. आणि नखाने ओरखडा उठला तर जिप्सम."

त्याने मला हातात घेतलं खरं, पण त्याचा जीव पाठांतरात. तरी तो पास झाला. पार्टी झाली, ऑफिसात पेढे वाटले, त्याच्या नावाचा शिक्का आला. डायना मनापासून खूश होती, आणि खोटं कशाला बोलू, मीही होतो. आता तिची पाळी होती.

पण तिची पाळी येईना. एका वर्षी मेल्विन साइटवर अडकला आणि जोआनाला सांभाळायला कुणी नव्हतं. पुढच्या वर्षी त्याची आई आजारी पडली आणि डायना तिची सेवा करायला वसईला गेली. त्यानंतर जोआनाची शाळा सुरू झाली. दर वेळी मेल्विन म्हणायचा, "नेक्स्ट टाइम, इन्शाल्ला," आणि दर वेळी त्याचं ते बोलणं खरंही असायचं. मी मात्र दोरीतून निघून स्वयंपाकघरात चमच्यांच्या खणात जाऊन पडलो. तांदळातले किडे बघायला माझा उपयोग होऊ लागला. किडेसुद्धा मी दहापट दाखवले, कामात कसूर केली नाही.

शेवटचं वर्ष उरलं तेव्हा डायना हट्टाला पेटली. मंडळाचे मेलही मेल्विनच्याच मोबाइलवर यायचे, म्हणून अर्ज भरायचं काम त्याने आपल्याकडे घेतलं. जोआनाची बस गेली की ती ओट्यापाशी बसायची. मला रोज पुसायची. तिचा अभ्यास इतका पक्का झाला होता की प्रश्न अर्धा वाचताच ती उत्तर सांगायची. एका शुक्रवारी जेवताना तिने विचारलं, "मेल्विन, हॉल तिकीट आलं का रे?"

मेल्विनने घास खाली ठेवला. "डायना, ऐक ना. रजिस्ट्रेशनची लास्ट डेट गेली. मेल आलेला. मी मीटिंगमध्ये होतो, म्हटलं संध्याकाळी भरतो. मग राहूनच गेलं."

"कधी गेली?"

"लास्ट वीक."

"म्हणजे आठवडाभर मी अभ्यास करतेय आणि तू समोर बसून बघतोयस."

"कसं सांगू कळत नव्हतं. नेक्स्ट टाइम करू."

"नेक्स्ट टाइम नाही आता. पाच वर्षं खलास. पहिला पेपरपण गेला."

"मग पहिल्यापासून दे," मेल्विन म्हणाला. "तुला काय कठीण आहे?"

हे त्याने कौतुकानेच म्हटलं, आणि तेच मला सगळ्यात जास्त झोंबलं.

डायना उठली. तिने ताटं उचलली. पुढे बरेच दिवस घरात कामापुरतं बोलणं चाललं होतं. मग एका संध्याकाळी मेल्विनने खिशातून रुमालात गुंडाळलेला खडकाचा तुकडा काढला. परवाना मिळाल्यापासून तो अधूनमधून असे तुकडे घरी आणायचा. डायना सांगायची आणि तो सही करायचा.

"मुऐदरच्या साइटचा आहे," तो हळूच म्हणाला. "जरा बघतेस? उद्या रिपोर्ट द्यायचा आहे."

तिने खण उघडला. मित्रांनो, मला वाटलं, आता ही मला कचऱ्यात टाकणार. टाकलं असतं तरी मी तिच्या बाजूने असतो. पण तिथे उभ्या राहणाऱ्या इमारतीत राहायला येणाऱ्या लोकांनी तिचं काय बिघडवलं होतं? तिने मला डोळ्याशी नेलं. लिंबू पिळलं, फेस आला नाही. नख मारलं, ओरखडा उठला.

"जिप्सम आहे," ती म्हणाली. "पाण्यात विरघळतो. खाली पोकळी असेल. अजून एक बोअर घ्यायला लाव, मग सही कर."

"शुक्रन," मेल्विनने तिथल्या अरबीत आभार मानले. बोअर घेतला, पोकळी निघाली आणि अहवालावर त्याचा शिक्का उमटला. ऑफिसात त्याची वाहवा झाली. हे सगळं त्याने घरी येऊन आनंदाने सांगितलं, आणि डायनाने भाकरी थापता थापता ऐकून घेतलं.

आता रिवाजाप्रमाणे मी तुम्हाला सांगायला हवं, की मला मऊ फडक्याने पुसा, ओरखडे पडू देऊ नका. तेवढं तर कराच. पण मला दुसरंच मागायचं आहे. तुमच्या घरात "आधी तुझं होऊ दे" असं म्हणणारं कुणीतरी असेल. बहुतेक ती तुमची आईच असेल. आज घरी गेलात की तिला विचारा, तुझी शेवटची तारीख कधी आहे. आणि ती "असू दे रे, बघू पुढे" म्हणाली, तर तिथून हलू नका.