उजवीकडचा ठोका

कनौजच्या आमच्या सुगंधी तेलांच्या कारखान्यात दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवतात. दोन्हींत तेच अणू, तितकेच. जुळणी मात्र डाव्या-उजव्या हातासारखी उलटी. एकीला पुदिन्याचा वास, ती टूथपेस्टसाठी जाते. दुसरीला शेपूचा, ती लोणच्यांना आणि शीतगृहातल्या बटाट्यांना, कोंब फुटू नयेत म्हणून. माल सोडण्याआधी मी हुंगून चिठ्ठी लावतो. यंत्राचा नंबर माझ्या नाकानंतर.

टाकीत वाफेने गुदमरून पडलो, कानपूरच्या इस्पितळातून बरा होऊन आलो आणि कामाच्या पहिल्याच दिवशी दोन्ही चिठ्ठ्या उलट्या लावल्या.

"मुंतजिरमियाँ, नाक कानपुरातच ठेवून आलात का?" आमचे मॅनेजर अवस्थीसाहेब हसले. यंत्र माझ्या विरुद्ध सांगत होतं. मला राग आला. पुन्हा हुंगलं. टूथपेस्टच्या बाटलीतून शेपूच येत होता.

घरी माझी बायको कुदसिया पुदिन्याची चटणी वाटत होती. मला शेपूचाच वास आला. तिच्या ओढणीलाही काहीतरी परकं. खरं सांगतो, मला तिची भीती वाटली. ही कोण माझ्या घरात शिरलीय?

"किती उतरलात हो," ती म्हणाली. "चार-चार रोट्या खाता, जातात कुठे?"

"तुझ्या हाताला आता चव राहिली नाही."

"हो, माझ्याच हाताला."

नाक बिघडल्यासारखं वाटलं की आम्ही हुंगणारे स्वतःच्या कोपराच्या आतली बाजू हुंगतो. मी तेच केलं. जगात तेवढा एकच वास जसाच्या तसा होता. हायसं वाटलं.

"बघ, मी तोच आहे," म्हणत हात तिच्यापुढे धरला.

तिने हुंगलं आणि मागे सरली. मग तिच्या सवयीने माझ्या छातीवर कान ठेवला, डावीकडे. तिथे काही वाजेना. हळूहळू कान उजवीकडे नेला आणि तिथे थांबली.

"इथे वाजतंय," ती पुटपुटली.

माझं तर जन्मापासून तिथेच वाजतं. मला रडू फुटलं. माझी कुदसिया कुठल्यातरी दुसऱ्या कनौजात, जेवण झाकून, दाराकडे बघत बसली असेल.

ही बाई डोक्यावर ओढणी घेऊन भिंतीला टेकली होती, परक्या पुरुषासमोर बसावं तशी.

"माझे ते कुठे आहेत?" तिने विचारलं.

मीही तिला तेच विचारणार होतो.