छाटलेली काठी

जानेवारीतली सकाळ, सात वाजून दहा मिनिटं. नवजात कक्षात तीन वॉर्मर चालू होते, त्यांखाली तीन बाळं. सर्वांत हलकं रुपा या बाळंतिणीचं, एक हजार तीनशे चाळीस ग्रॅम. बाहेर बारा अंश. वीज पहाटेच गेली होती. सगळा भार जनरेटरवर.

मी रनाळ्याजवळच्या या खासगी रुग्णालयाचा वार्षिक ऊर्जा-अहवाल तपासायला आले होते. जनरेटर वर्षभरात दोनशे बारा तास चालला. तासाला वीस लिटरप्रमाणे चार हजार दोनशे चाळीस लिटर डिझेल जळायला हवं. अहवालात, आलेल्या डिझेलमधून टाकीत उरलेला साठा वजा करून, चार हजार दहाच दाखवलं होतं. उत्सर्जन घटलं म्हणून व्यवस्थापक खूश होते.

"दोनशे तीस लिटर कमी कसं, पितांबरदादा?" मी जनरेटर सांभाळणाऱ्या पितांबरांना विचारलं.

त्यांनी बांबूची काठी टाकीत उभी केली. टाकी मीटरभर खोल. काठीवर दर सेंटिमीटरला खाच, एका खाचेला दहा लिटर. ते वरून कोरड्या खाचा मोजत.

"त्र्याहत्तर कोरड्या. शंभरमातीन त्र्याहत्तर गयात, ऱ्हायनात सत्तावीस. दोनशे सत्तर लिटर शे ताई, सांजलोंग घोर नही."

मी काठीच्या खाचा मोजल्या. सत्त्याहत्तर. पुन्हा मोजल्या.

"उरलेल्या तेवीस कुठं आहेत?"

"बांबूनं बुड फाटी जास. यंदा दोनदा छाटी." ते माझ्या हातातल्या टेपकडे बघून हसले. "तुमनी टेप चीननी, मन्ही काठी घरनी."

मी स्टीलची टेप टाकीत सोडली. ओल चार सेंटिमीटर. डिझेल ओढणारी नळी तळापासून तीन सेंटिमीटर वर. म्हणजे वापरता येईल असं दहा लिटर. अर्धा तास.

पितांबरांचं हसू गेलं. "धीरज!" ते ड्रायव्हरच्या नावानं ओरडले. "कॅन ले, पळ!" पंपावर जाऊन यायला चाळीस मिनिटं.

मी धावत कक्षात गेले. परिचारिका भाविकाताईंनी ऐकलं आणि खिडकीच्या फटीत चादर कोंबली. "रुपा, बाळ छातीशी घे, अंगाला अंग. तापमान साडेछत्तीसच्या खाली जायला नको."

सात पंचेचाळीसला जनरेटर दोनदा अडखळला आणि थांबला. वॉर्मरचे लाल दिवे विझले. बाकीची दोन बाळंही आपापल्या आईच्या छातीशी होती. रुपानं दोन घोंगड्यांखाली बाळाचं डोकं हनुवटीखाली घेतलं. ती एकसारखी विचारत होती, "हालतंय ना?" पितांबर काठी हातात धरून दाराबाहेर उभे होते. आत आले नाहीत.

धीरज डिझेल घेऊन आला, आठ वाजून तीन मिनिटांनी दिवे लागले. भाविकाताईंनी बाळाच्या काखेत थर्मामीटर धरला.

छत्तीस पूर्णांक चार.