काळ्यावर काळा दोरा

वरचं बटण काही केल्या काजात जाईना. कोट आणि पॅन्ट एका हँगरवर चढवून, बटणं लावून गिऱ्हाइकासाठी तयार ठेवायचं काम पॅन्टमास्तरांचं. त्यांनी कोट दुकानाच्या दारात, उजेडात नेला, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि बघतच राहिले. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याचं काज. पण निम्मे टाके कडेवर आणि निम्मे भलतीकडे. एका टोकाला तर भोकच शिवून टाकलेलं.

खरं सांगायचं तर पॅन्टमास्तरांना आधी आनंद झाला. चांगला पोटभर.

त्याला कारणही तसंच होतं. दुकानात खाली पॅन्टमास्तर पॅन्टी शिवत आणि वर, मोठ्या खिडकीपाशी, कोटमास्तर कोट. अठ्ठावीस वर्षं हे दोघे अर्धा-अर्धा सूट शिवत आले होते. अकरा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने कोटाची तोंडभरून स्तुती केली आणि पॅन्ट जरा ढिली वाटते म्हणाला. तेव्हा कोटमास्तर हसून म्हणाले होते, "पॅन्टीचं काय घेऊन बसलात साहेब! पॅन्ट काय, कुणीही शिवतं."

पॅन्टमास्तर तेव्हा त्याच गिऱ्हाइकाच्या पायाशी गुडघे टेकून बसले होते. तोंडात टाचण्या असल्यामुळे त्यांना लगेच उत्तर देता आलं नाही, आणि नंतर अकरा वर्षं त्यांनी दिलं नाही. बोलणंच बंद झालं. मापांच्या चिठ्ठ्या मालकीणबाईंच्या हातून वर-खाली जायच्या. सूट मात्र असा जुळून यायचा, की एकाच माणसाने शिवलाय असं वाटावं.

त्यांनी रांगेतले बाकीचे कोट तपासले. तपकिरी कोटाची काजं बघत राहावी अशी. राखाडी कोटही निर्दोष. पुढचे दोन काळे पाहिले आणि त्यांचा आनंद जागच्या जागी जिरला. हा आळस नव्हता. माणसाला काळ्यावरचं काळं दिसत नव्हतं.

कोटमास्तर हल्ली भिंतीला तळहात लावत जिना उतरायचे. पॅन्टमास्तरांना तो वयाबरोबर वाढलेला तोरा वाटला होता.

पूर्वी काळा सूट महिन्यातून एखादा यायचा. पण गेल्या वर्षापासून तरुण पोरांना आजोबांच्या फॅशनचं वेड लागलं होतं. उंच कमरेची, पुढे दोन चुण्या घातलेली घोळदार पॅन्ट, छातीवर दुमडलेल्या रुंद लेपलचा कोट, आणि सगळं काळंच हवं. बंद पडू घातलेलं दुकान त्यावर उभं राहिलं होतं, आणि त्यातच कोटमास्तर सापडले होते.

दुपारी सगळे जेवायला गेले आणि कोटमास्तर वर खुर्चीतच डुलक्या घेऊ लागले, तेव्हा पॅन्टमास्तरांनी त्यांची काजं उसवली आणि नव्याने भरली. त्या दिवशी तीन. मग हे रोजचंच झालं.

एकदा मालकीणबाईंनी त्यांना बोलावलं. सासऱ्यांनी थाटलेलं दुकान त्या वीस वर्षं चालवत होत्या आणि त्यांच्या नजरेतून सहसा काही सुटत नसे.

"कालच्या काळ्या कोटाचं बटण पहिल्याच दिवशी निघून आलं म्हणे. कोटमास्तर थकलेत का हो? खरं सांगा. मला दुसरा माणूस बघावा लागेल."

अकरा वर्षांत इतकी आयती संधी आली नव्हती. पॅन्टमास्तरांनी मापाची पट्टी गळ्याभोवती सारखी केली.

"दोरा कच्चा निघाला, बाई. रीळ मी आणलं होतं."

"तुम्ही?"

"हो. स्वस्तात मिळालं म्हणून."

बाईंनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. घरी त्यांनी हे सांगितलं, तेव्हा बायकोने हातातलं ताट खाली ठेवलं.

"अहो, अकरा वर्षं रोज जेवताना मी त्या माणसाच्या नावाने शिव्या ऐकतेय. माझ्या जेवणाला कधी मीठ कमी पडलं नाही ते त्यामुळेच. आणि आता तुम्ही त्याची काजं भरताय?"

"कोट पडला तर पॅन्टीचीही अब्रू जाते," ते म्हणाले.

"पॅन्टीची, की तुमची?"

त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि सावकाश, तळ दिसेपर्यंत प्यायला.

मग तो व्हायोलिनवाला आला. तिशीचा, लाजाळू माणूस. मोठ्या सभागृहात तो पहिल्यांदाच एकटा वाजवणार होता. त्याने आजोबांचा फोटो आणला होता. तेही वादक, काळ्या दुहेरी बटणांच्या सुटात उभे. "हुबेहूब असाच हवा," तो म्हणाला. "फक्त हात वर नेला तर खांद्यात अडकायला नको."

शेवटच्या ट्रायलला त्याला वरच्या खोलीत आरशासमोर उभं केलं. पॅन्टची लांबी बघायला पॅन्टमास्तरही वर गेले होते. व्हायोलिनवाल्याने डोळे मिटून हात उचलला, हवेतच गज ओढला. कोट खांद्यावर जराही सरकला नाही. तो मनापासून हसला.

"मास्तर, आणि ही काजं! किती सुबक झालीत."

कोटमास्तरांनी सवयीने काजावरून अंगठा फिरवला. अंगठा थांबला. पुन्हा उलट फिरला.

कोटमास्तर डावखुरे होते. त्यांच्या काजाच्या गाठी एका अंगाला कलायच्या. या दुसऱ्या अंगाला कलत होत्या. पॅन्टमास्तरांच्या ध्यानात ही गोष्ट कधी आलीच नव्हती. डोळसाला दिसलं नाही ते त्या अंगठ्याला कळलं.

"नजर लागेल, अशी झालीत," कोटमास्तर गिऱ्हाइकाला गमतीने म्हणाले. "घालून जा खुशाल."

व्हायोलिनवाला गेला. थोड्या वेळाने जिना वाजला. कोटमास्तर भिंतीला धरत खाली आले आणि पॅन्टमास्तरांच्या मशीनपाशी उभे राहिले.

"किती कोट झाले?"

अकरा वर्षांनी आलेला पहिला शब्द हा. पॅन्टमास्तरांनी पायाखालची मशीन थांबवली.

"चौदा."

"बाईंना माहीत आहे?"

"नाही."

कोटमास्तरांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली. मग म्हणाले, "गाठ फार आवळतोस तू. काज ताठ होतं. बटण घालताना गिऱ्हाइकाची नखं तुटतील."

चौदा कोट, रोजची उपाशी दुपार, खाल्लेली बोलणी, आणि हे ऐकायचं! पॅन्टमास्तर उठलेच.

"मग शिकवा ना! नुसतं तोंड सोडायला काय लागतं?"

"शिकवायलाच खाली आलोय," कोटमास्तर म्हणाले आणि स्टूल चाचपून बसले. "काचबिंदू आहे. दीड वर्ष झालं. गेलंय ते परत येणार नाही म्हणाला डॉक्टर. तपकिरी दिसतं, राखाडी दिसतं. काळं घेतलं की समोर नुसतं भोक. कोट नाही, काही नाही."

"सांगायचं होतं."

"कुणाला? तुला?"



कोटमास्तरांनी त्याच संध्याकाळी मालकीणबाईंना सगळं स्वतः सांगितलं. रिळाचं खापर कुणाच्या माथी फुटलं होतं, तेही बाईंकडून त्यांना तेव्हाच कळलं. बाईंनी त्यांना तीन महिने ठेवलं. या तीन महिन्यांत खालची मशीन वर, खिडकीपाशी गेली. कोटमास्तर कापड हाताने चाचपत सांगायचे, पॅन्टमास्तर शिवायचे. मग ते बोटांनी वाचल्यासारखं तपासायचे आणि दहा चुका काढायचे. दोघे दिवसभर भांडायचे. खाली बसलेल्या बाईंना पहिल्या आठवड्यातच डोकेदुखीची गोळी घ्यावी लागली.

शेवटच्या दिवशी कोटमास्तरांनी आपली कात्री फडक्यात गुंडाळली. पॅन्टमास्तरांना वाटलं, आता ती आपल्या हातात देणार. पण ते कात्री पिशवीत टाकून मोकळे झाले. मुलीकडे राहायला गेल्यावर कापायला काय उरणार होतं कोण जाणे.

मग पिशवी खाली ठेवून ते आरशासमोर जाऊन उभे राहिले.

"माझं माप घे."

"कशाचं?"

"पॅन्टीचं. काळी शिव एक."

पॅन्टमास्तर खाली बसले. अठ्ठावीस वर्षांत या माणसाचं माप त्यांनी कधी घेतलं नव्हतं. अंगावरची पॅन्ट बाजारातली तयार होती, कमरेला दोन ठिकाणी दाबून घेतलेली. पट्टी कमरेभोवती फिरवली तर ती अपेक्षेपेक्षा फारच आत येऊन भिडली. लांबी घेताना पाय किंचित थरथरत होता. त्यांनी तळहाताने गुडघा हलकेच धरून ठेवला.

"चुण्या?"

"तुला योग्य वाटतील तशा."

"कंबर उंच ठेवू?"

"तूच बघ."

पॅन्टमास्तरांनी मान वर केली. कोटमास्तर आरशाकडे तोंड करून, हात बाजूला सोडून, गिऱ्हाइकासारखे निमूट उभे होते. मापात तोंड घातल्याशिवाय ज्या माणसाने आयुष्यात कुणाला कापडावर खडू ओढू दिला नाही, तो.

त्यांनी मान खाली घातली, घोट्यापाशी पट्टी लावली आणि आकडा नीट दिसेपर्यंत तिथेच थांबले.