मी अडकलो नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे, आणि मी अडकलो नव्हतो. जन्म, बालपण वगैरे नंतर सांगतो. आधी एवढं ध्यानात ठेवा, कारण माझ्यावर हा आळ आला आणि त्यापायी माझी ही दशा झाली.

सध्या मी चौसाळ्यात, नबीभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात फळीवर पडून आहे. पाठीचं झाकण काढलेलं. काचेला कोपऱ्यातून तडा. नबीभाई मधूनमधून मला वायर जोडतात आणि तपासणीसाठी चॅनल बदलतात. तेव्हा माझं बोलणं मध्येच तुटेल. त्यात माझा दोष नाही. उभ्या आयुष्यात माझं एकही वाक्य कुणी नीट पुरं होऊ दिलेलं नाही.

तर माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर माझ्या पुढेमागे माझेच भाऊ होते. तपासणी करणाऱ्या बाईंनी माझ्या पडद्यावरून बोट फिरवलं आणि त्या शेजारणीला म्हणाल्या, की हा

…कमाल तापमान एकोणचाळीस अंशांवर जाण्याची शक्यता असून नागरिकांनी दुपारच्या वेळी…

बघितलंत? त्या बाई काय म्हणाल्या, ते राहिलं. जाऊ द्या.

हायवेला लागून बंकटचं हॉटेल आहे. चहा, भजी, उसळ-पाव. तिथे मला भिंतीवर टांगलं. बंकटच्या आईने, छबुबाईंनी, मला हळदकुंकू लावलं. ट्रकवाले, बाजाराला आलेले लोक, एसटी चुकलेली पोरं, सगळे माझ्याकडे तोंड करून बसायचे. "काय चित्र हाय," म्हणायचे. माझ्यामुळे बंकटचा चहा जास्त खपायचा. हे तो स्वतः कबूल करायचा, पण माझ्यावरची धूळ मात्र छबुबाईच पुसायच्या.

बंकटला एक खोड होती. त्याच्याकडे पूर्वी पेटीसारखा टीव्ही होता. त्याचं चित्र वरखाली पळायला लागलं की डोक्यावर एक थाप मारायची, मग ते जाग्यावर यायचं. तो टीव्ही भंगारात गेला, पण बंकटच्या हातातली थाप गेली नाही. मी सपाट आहे, मित्रांनो. माझी जाडी चार भाकरींच्या चवडीएवढी. तरी आवाज गेला की थाप. चित्र फाटलं की थाप. एकदा गावाची लाईट गेली, तेव्हाही त्याने अंधारात चाचपडत येऊन मला थाप मारली.

मी सोसलं. पण मग ती मालिका आली.

तिचं नाव 'उत्तर येईपर्यंत'. आठवड्यातून एकदा लागायची, नेमकी बाजाराच्या दिवशी दुपारी, हॉटेल भरलेलं असताना. गोष्ट साधी होती. एक बाई यानात एकटी आहे. यान इतकं लांब गेलंय की तिने पृथ्वीला काही विचारलं तर तो आवाज पोचायलाच कितीतरी तास लागतात, आणि उत्तर यायला पुन्हा तेवढेच. तोवर ती काय करणार? थांबते. डब्यात लावलेल्या मेथीला पाणी घालते. फाटलेला पोशाख शिवते. खिडकीशी बसते. बाहेर काळोख. दिग्दर्शकाने तो थांबलेला वेळ न कापता दाखवला होता. माझ्या पडद्यावर इतकं खोल काळं कधी उमटलं नव्हतं. मला स्वतःला त्या काळोखाचा अभिमान वाटायचा.

आणि प्रेक्षक? ऐका.

"काय करायलीय रे ती?"

"बसलीय."

"कवापून?"

"मागच्या आठवड्यापून."

"ह्ये यान हाय का बैलगाडी?"

"बैलगाडीला नावं ठिवू नको बे. बैलगाडी आतापस्तोर पोचली असती."

रिमोट कायम सुरजच्या हातात असायचा. सुरजचं मोबाइलचं दुकान हॉटेलच्या शेजारी, आणि सुरज कायम हॉटेलात. तो फोनवर राज्यभरातल्या प्रेक्षकांची मतं वाचून दाखवायचा. "आयका, एकानं लिवलंय, झोपंच्या गोळ्या बंद केल्या अन् ह्ये चालू केलं. दुसरा म्हणतो, आमच्या भितीवरची पाल ह्याच्यापेक्षा जास्त हालती." सगळं हॉटेल हसायचं. मीही हसलो असतो. पण हसून झालं की सगळ्यांचा संशय माझ्याकडे वळायचा. चित्र हलत नाही म्हणजे टीव्ही अडकला. हँग झाला. मग बंकट उठायचा.

थाप.

म्हणजे गोष्ट हळू सांगणारा एक, कंटाळणारे दुसरे, आणि मार खाणारा मी. बंकटने नबीभाईंना बोलावून मला दाखवलंसुद्धा. त्यांनी उघडून पाहिलं, बंद केलं. "बंकटभाऊ, टीव्ही ठीक हाय. ती बाईच हालत न्हाई." बंकट म्हणाला, "येवढा येळ कोन हालत न्हाई बे?" आणि नबीभाई गेल्यावर त्याने मला पुन्हा

…या क्रीमने अवघ्या सात दिवसांत तुमची त्वचा…

सात दिवसांत म्हणे. सगळ्यांना घाई.

ती मालिका मन लावून पाहणारी दोन माणसं होती. एक छबुबाई. भजी तळता तळता त्या सांगायच्या, "तिनं मेथीला पानी घातल्याबिगर च्यानल बदलायचा न्हाई." दुसरे बद्रीनाथ, म्हणजे बद्रीतात्या.

बद्रीतात्या बैलबाजारातले दलाल. आमच्याकडे बैलाचा सौदा तोंडाने होत नाही. दोघांच्या हातावर रुमाल टाकतात आणि आत एकमेकांची बोटं धरून भाव करतात. किंमत चारचौघांना कळत नाही, फक्त दोन हातांना कळते. बोटं धरली की सौदा झाला, मग माघार नाही. या बोटांच्या कामात तात्यांसारखा दुसरा नव्हता आणि तोंडाच्या कामात तर नव्हताच. त्यांचं बोलणं म्हणजे लाह्या फुटाव्यात.

मग त्यांना लकवा झाला. उजवा हात गेला. वाचा राहिली, पण एकेक शब्द विहिरीतून बादली ओढल्यासारखा वर यायचा. डोकं मात्र जसंच्या तसं.

लोकांना तेवढा धीर नव्हता. तात्यांनी "च…" म्हटलं की चहा यायचा. त्यांना चष्मा हवा असायचा. "घ…" म्हटलं की दोघं जण उठून त्यांना घरी पोचवायचे. त्यांना घड्याळात किती वाजले ते विचारायचं असायचं. सगळे प्रेमानेच करायचे, म्हणून तर मला जास्त राग यायचा. माणसाच्या तोंडातून त्याचं वाक्य काढून घ्यायचं, आपलं त्यात भरायचं, आणि वर त्याला म्हणायचं, बघा, आम्हाला तुमचं सगळं कळतं.

म्हणून तात्या दर बाजाराला माझ्यासमोर बसायचे. यानातली ती बाई त्यांच्या चालीने चालायची.

आता तो दिवस सांगतो. नबीभाई, कृपा करा, थोडा वेळ बटणाला हात लावू नका.

तात्यांच्या घरी पाखऱ्या नावाचा एकच बैल उरला होता. चपळ. मोहनराव नावाचे पुढारी आहेत, त्यांना तो शंकरपटाला हवा होता, म्हणजे बैल पळवायच्या शर्यतीला. तात्यांनी पाखऱ्याला कधी चाबूक दाखवला नव्हता. पण त्यांचा मुलगा हरिओम विकायला तयार होता. त्याचंही खोटं नव्हतं, घरात बैलाचं करणारं कुणी राहिलं नव्हतं. फक्त बैल तात्यांचा होता, आणि तात्यांनी हो म्हटल्याशिवाय बाजारात कुणी तो सौदा मानला नसता.

मोहनराव तात्यांच्या समोर येऊन बसले. "काय तात्या, काय म्हंता मग?"

"पाख…ऱ्या…" तात्यांनी सुरुवात केली.

"पाखऱ्या न्या म्हंतेत," हरिओम म्हणाला.

"तसं… न्हाई…"

"तसं न्हाई, वाजतगाजत न्या म्हंतेत," मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

मग मोहनरावांनी खांद्यावरचा रुमाल काढला, तात्यांच्या हातावर टाकला आणि आपला हात आत घातला. क्षणभराने ते म्हणाले, "मानलं तात्यानं. धरली बोटं."

मित्रांनो, मी भिंतीवर उंच होतो. मला रुमालाखालचं दिसत नव्हतं. पण रुमाल कोणत्या हातावर पडला ते दिसलं. तो उजवा हात होता. ज्या हाताला कपसुद्धा धरता येत नव्हता, त्या हाताने सौदा धरला म्हणे. हॉटेलात तीस माणसं असतील, एकाच्याही ते लक्षात आलं नाही. बाजाराची रीत पाळली ना, मग झालं. बंकट सौद्याचा चहा ओतायला लागला.

मला ओरडायचं होतं. पण माझ्याकडे स्वतःचा आवाज नाही. मी फक्त आलेलं दाखवतो. आणि त्या वेळी माझ्यावर काय आलं होतं? 'उत्तर येईपर्यंत'. बाईने कित्येक भागांआधी पृथ्वीला विचारलं होतं, "मी परत येऊ का?" आणि ती समोरच्या बंद दिव्याकडे बघत बसली होती. उत्तर आलं की तो दिवा लागणार होता. संगीत थांबलं. चित्र स्थिर. आवाज शून्य.

"हँग झाला," सुरज म्हणाला.

सगळ्या माना वर झाल्या. आता हलेल, मग हलेल, म्हणून सगळे माझ्याकडे बघत राहिले. त्या हॉटेलात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कढईतलं तेल तेवढं चुरचुरत होतं. बंकट किटली ठेवून माझ्याजवळ आला. हात वर केला.

तात्यांनी डाव्या हाताने त्याचा सदरा धरला.

"थांब," तात्या म्हणाले. "तिला… उत्तर… यायचंय."

हे वाक्य मध्ये कुणाला पुरं करता आलं नाही. पुढे काय येणार, हे कुणाला माहीतच नव्हतं. बंकटचा हात तसाच वर राहिला.

"अन् मला… बी… द्यायचंय."

कुणी हललं नाही. पडद्यावरची बाई हलली नाही, मीही तिला धरून ठेवलं.

"ह्यो हात… मेलाय," तात्यांनी उजवा हात नजरेने दाखवला. मग डाव्या हाताने तो रुमाल ओढला आणि त्या डाव्या हातावरच घेतला. "इचारायचं तर… ह्याला… इचारा."

मोहनरावांना सगळ्यांसमोर हात घालावा लागला. रुमाल थोडा हलला, मग सपाट झाला. मोहनरावांनी हात बाहेर काढला. तात्यांनी एकही बोट धरलं नव्हतं.

"न्हाई… इकायचा," तात्या म्हणाले.

मोहनराव हसले. "बरं तात्या. आमी काय जबरदस्ती करायलताव का?"

"मंग काय करायलाव तुमी?" छबुबाईंनी झारा कढईवर आपटत विचारलं.

मोहनराव चहा न घेता उठले. हरिओम खाली मान घालून बसला, आणि थोड्या वेळाने त्याने वडिलांचा गार झालेला चहा बदलून आणला.

इथे गोष्ट संपली असती तर मी आज फळीवर नसतो. पण त्याच वेळी माझ्या पडद्यावरचा दिवा लागला. बाई दचकली. पृथ्वीवरून आवाज आला, "तुमचा प्रश्न मिळाला. आमचं म्हणणं असं आहे, की"

"हालला. सुधरला टीव्ही," सुरज म्हणाला, आणि त्याने मॅच लावली.

ज्या उत्तरासाठी इतके आठवडे शिव्या दिल्या, ते आल्यावर याने मॅच लावली. तात्यांनी तोंड उघडलं, "अ…" सुरज म्हणाला, "हाव तात्या, मॅचच लावलीय." छबुबाई झारा घेऊन धावल्या, सुरजने घाबरून चारपाच बटणं एकदम दाबली, माझं चित्र थरथरलं, आणि बंकटचा वर राहिलेला हात शेवटी खाली आला.

थाप. तडा.

पुढच्या आठवड्यात त्या वेळेला नाचगाण्याचा कार्यक्रम सुरू झाला, असं नबीभाईंच्या गिऱ्हाइकांकडून कळलं. मालिका बंद. कारण काय, तर प्रेक्षकांचा प्रतिसाद. बघितलं किती जणांनी, हे कुणी विचारलं नाही. उत्तर काय आलं होतं, ते मलाही ठाऊक नाही. चॅनल बदललं की माझ्या दाराशी आलेलं तसंच परत जातं.

मित्रांनो, मला मखमलीत ठेवा असं मी म्हणत नाही. धूळ पुसली नाही तरी चालेल. कंटाळा आला तर उठून जा, तुमचा हक्कच आहे. पण जो हळू बोलतो तो बिघडलेला आहे, असं धरून त्याला थापा मारू नका. आणि त्याचं वाक्य त्याच्या तोंडातून काढून घेऊ नका. आत्तासुद्धा तुमचं बोट पान उलटायला निघालंय. ठेवा खाली. थोडंच राहिलंय.

काल तात्या काठी टेकत दुकानात आले आणि माझ्यासमोर स्टुलावर बसले. नबीभाई माझ्या पोटात काहीतरी जोडत होते.

"बद्रीतात्या, त्या बाईला काय उत्तर आलं आसंल वो?" त्यांनी सहज विचारलं.

तात्यांनी विचार केला. मग "आमी…" म्हणाले आणि थांबले. नबीभाईंनी हातातली कैची खाली ठेवली. रस्त्यावरून एक एसटी गेली. गिऱ्हाईक आलं, त्याला नबीभाईंनी हातानेच थांबवलं. मी चालू होतो, माझ्यावर कसलीशी जाहिरात ओरडत होती. नबीभाईंनी माझा आवाज बंद केला.

"आमी… हितंच… हाव," तात्या म्हणाले. "सावकाश… ये."