ब्रेकबाईंचा पाय

आमच्या आईने जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. तिला सगळे ब्रेकबाई म्हणतात, कारण शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी जो दुसरा ब्रेक असतो, त्यावरून तिचा पाय कधी हललाच नाही. क्लास बंद झाला, गाडी घरची झाली, पण तो ब्रेक तिने काढू दिला नाही. चालवते मी, थांबवते ती. माझी चाळिशी उलटली, तरी.

त्या दुपारी मात्र तिचा पाय शांत होता आणि माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं. स्कॅननंतर आई कपडे बदलत होती, तेव्हा डॉक्टरांनी मला आत बोलावलं. फुफ्फुसात गाठ आहे, बहुतेक कॅन्सर, तुकडा तपासल्यावर नक्की कळेल. "एकाच जागी दिसतेय, त्यामुळे करण्यासारखं बरंच आहे," त्या म्हणाल्या. "पण आधी त्यांना सांगायला हवं. तुम्ही सांगता की मी सांगू?"

मी सांगते म्हटलं. मोठ्या तोऱ्यात म्हटलं.

पार्किंगमधून दादाला फोन केला. तो म्हणाला, "एक अक्षर बोलू नकोस. हाय खाईल ती. कफ साचलाय म्हण."

"आणि तुकडा काढायला नेल्यावर काय म्हणू? कफाचा तुकडा?"

"तुझं हे तिरकं बोलणं नको मला आत्ता," म्हणून त्याने फोन ठेवला. दादा असाच. सल्ला त्याचा, निस्तरायचं मी. पण बाबा गेल्यावर आई महिनाभर अंथरुणातून उठली नव्हती, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे त्याचं बोलणं डोक्यातून जाईना.

गाडीत बसल्यावर आईने विचारलं, "काय म्हणाल्या गं डॉक्टर?"

"घरी जाऊन बोलू."

"बरं."

मोठ्या सर्कलला आमच्या घराचा फाटा आला, आणि माझा हात वळेना. घरी पोचलं की बोलावं लागणार. मी तशीच पुढे गेले. गोल फिरून पुन्हा फाटा आला, पुन्हा पुढे गेले. मधल्या हिरवळीवर पाणी मारणारा माळी आता हातातलं काम सोडून आमच्याकडे बघत होता.

"माझ्याकडे एक बाई शिकायला यायच्या," आई समोर बघत म्हणाली. "सर्कलमध्ये शिरल्या की बाहेरच पडायच्या नाहीत. पेट्रोल संपायची वाट बघायच्या बहुतेक."

"मग तू काय करायचीस?"

"म्हणायचे, पुढच्या फाट्याला बाहेर घ्या. कोणता का असेना."

मी बाहेर घेतली. एका बंद दुकानासमोर तिने पाय दाबला, आणि गाडी आचका देऊन बंद पडली.

"आता सांग. आणि साखरेत घोळवू नकोस."

मी सांगितलं. कॅन्सर म्हणताना आवाज फाटला, तरी म्हटलं. आई दुकानाच्या शटरकडे बघत राहिली. मला वाटलं, दादाच खरा होता, काय करून बसले मी.

"बहुतेक म्हणजे नक्की नाही," ती शेवटी म्हणाली.

"नाही. पण आई, बहुतेकच आहे."

"ऐकलं. कान शाबूत आहेत माझे." मग म्हणाली, "भीती वाटतेय गं."

आईच्या तोंडून हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मी तिला जवळ घेतलं. गिअरचा दांडा बरगडीत रुतत होता, तरी सोडलं नाही. दोघी पोटभर रडलो. मग दादाने काय सांगायला सांगितलं होतं तेही सांगितलं, तेव्हा कुठे तिला हसू आलं.

"फोन लाव त्याला," ती म्हणाली. त्याने उचलल्या उचलल्या म्हणाली, "अरे, कफ साचलाय मला. काढायला जायचंय, तूही ये."

तपासणीच्या सकाळी दादा मागच्या सीटवर मिठाची गुळणी धरून बसला होता. आई नेहमीसारखी माझ्या शेजारी. मी गाडी सुरू केली आणि सवयीने तिच्या पायांकडे पाहिलं. चपला खाली होत्या. दोन्ही पाय वर घेऊन ती सीटवर चक्क मांडी घालून बसली होती.

"आई, ब्रेक?"

"तुझ्याकडे आहे ना एक," ती म्हणाली. "चल, उशीर होतोय."