मागच्या फळीवरचा रेकॉर्डर

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे, तळहातात मावेन एवढा. माझ्या अंगावरचा काळा रंग कोपऱ्यांना उडाला आहे आणि सेलचं झाकण चिकटपट्टीच्या आधाराने उभं आहे. आता आवाज टिपायला प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असतो, तेव्हा मला कोण विचारतो, असं तुम्हाला वाटेल. पण दोह्यातल्या अल दुहैल भागातल्या आमच्या शाळेत वर्गात मोबाईल काढायला बंदी आहे. त्या एका नियमाच्या पुण्याईवर माझं अजून बरं चाललं आहे.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. आठवतं ते शहरातल्या एका दुकानाचं काचेचं कपाट. तिथून शाळेच्या ऑफिसने माझ्यासारखे पाच जण उचलले, मीटिंगा टिपायला. दोन वर्षं मी मीटिंगा ऐकल्या. बसच्या वेळा, गणवेशाचा रंग, पुन्हा बसच्या वेळा. मी सगळं इमानेइतबारे टिपलं आणि ते कुणीही, कधीही ऐकलं नाही. मग आमची रवानगी खणात झाली. स्टेपलरच्या पिनांशेजारी तीन वर्षं काढली मी. कान शाबूत असून ऐकायला काही नसणं फार वाईट असतं.

आम्हाला बाहेर काढलं ते अंबिका मॅडमनी. शिक्षकांना शिकवणं हे त्यांचं काम. होय, शिक्षकांनाही शिकावं लागतं! महिन्यातल्या एका शनिवारी, चक्क सुट्टीच्या दिवशी, साठ शिक्षक मुलांच्या बाकांवर गुडघे आखडून बसत आणि मॅडम त्यांचा तास घेत. कुरकुर व्हायची, मागच्या बाकावर चुळबुळही व्हायची. मोठी माणसं बाकावर बसली की मुलांसारखीच वागतात, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

अशाच एका शनिवारी मॅडमनी आम्हाला टेबलावर मांडलं आणि काम सांगितलं. आठवड्यातला आपला एक तास रेकॉर्ड करायचा आणि एकट्याने ऐकायचा. मॅडमना तो ऐकवायची सक्ती नाही, प्रिन्सिपलनाही नाही. आपल्याला बदलता येईल अशी एकच गोष्ट शोधायची, बस. पालकांची परवानगी त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती.

शिक्षक साठ आणि आम्ही पाचच, म्हणून पाळ्या लागल्या; पहिल्या पाळीत मी गेलो जहूर सरांच्या वाट्याला. सर दापोलीकडचे. नववीला विज्ञान शिकवायचे, तेही एकोणीस वर्षं. त्यांची मुलं परीक्षेत चमकायची आणि सरांची मान त्यामुळे जरा ताठच असायची. स्टाफरूममध्ये सगळा कारभार हिंदी-इंग्रजीत, पण मॅडम सोलापूरच्या, म्हणून सर त्यांच्याशी मराठीत भांडायचे.

"मॅडम, एकोणीस वर्षं शिकवतोय. माझा वर्ग मला माहीत नाही होय?"

"असेल की, सर," मॅडम हसून म्हणाल्या. "मग ऐकायला कसली भीती?"

सर राहायचे दुखानला. त्यांची बायको मैमुना तिथल्या कंपनीच्या दवाखान्यात नर्स होती. रोज जाताना तासभर, येताना तासभर गाडी. त्या रस्त्यावर दोन्हीकडे वाळूच वाळू, बघण्यासारखं काही नाही, त्यामुळे ऐकायला झकास. पहिला तास टिपून झाला, त्या दिवशी घरी जाताना सरांनी मला सुरू केलं. पहिल्यांदा सगळेच म्हणतात तेच तेही म्हणाले, "छे, हा माझा आवाजच नाही!" मग घर येईपर्यंत ते स्वतःलाच ऐकत राहिले.

"चाळीस मिनिटांत छत्तीस मिनिटं मीच बोलतोय गो," जेवताना ते म्हणाले.

"हे सांगायला मशीन लागली तुम्हाला?" मैमुना म्हणाली. "मी लग्नापासून सांगतेय."

दुसरा कुणी असता तर मला पुन्हा खणात टाकून मोकळा झाला असता. सरांनी छोटी वही काढली आणि त्यात 'छत्तीस' एवढा एकच शब्द लिहिला. मला ते तेव्हापासून आवडू लागले.

आता हनियाबद्दल सांगतो. नववीतली ही मुलगी शेवटच्या बाकावर बसायची. घरी मराठी ऐकायची आणि इंग्रजीत उत्तर द्यायची, तेही दिलं तर. वर्गात तर तोंडात मिठाची गुळणी. तिचे वडील मुदस्सिर मदिनत खलीफाला राहायचे, एका गोदामात स्टोअरकीपर होते. मे महिन्यात पालकसभेला ते आले, तेव्हा मी सरांच्या खिशात होतो.

"सर, पोरगी मागं पडतेय का?"

"मुदस्सिरभाई, खरं सांगू? ती बोलतच नाही. तिला हा वेग झेपत नाही. गावच्या शाळेत मोकळी होईल."

"तुम्ही म्हणता तर श्रीवर्धनला माझ्या बहिणीकडे, तिच्या फुफूकडे ठेवतो. जूनअखेर सुट्टीला जाणारच आहोत. तिला तिथंच ठेवून आम्ही परत येऊ."

सरांनी मान हलवली. बोलणं दोन मिनिटांत आटोपलं. सरांच्या मनात वाईट काही नव्हतं, मित्रांनो. पण त्या दोन मिनिटांत एका मुलीचं घर समुद्रापलीकडे गेलं आणि ती तिथंच, वडिलांच्या शेजारी, खाली मान घालून उभी होती.

पुढच्या आठवड्यात सर वर्गात पाणी उकळून दाखवणार होते. टेबलावर बर्नर, चंचुपात्र, तापमापी. मला जागाच उरली नाही. तेव्हा सरांनी मला वर्गाच्या मागच्या फळीवर ठेवलं, हनियाच्या डोक्यामागे, हातभर अंतरावर.

पाणी उकळू लागलं. तापमापीतला पारा शंभरावर येऊन थांबला. सरांनी विचारलं, खाली ज्योत चालू आहे, मग पारा वर का जात नाही? "एनीवन? नो? ओके." आणि उत्तर सांगून टाकलं. "यल्ला, चला, नेक्स्ट!" हे सगळं दीड सेकंदात. मग, सरांचा आवाज फळ्याकडे वळल्यावर, माझ्या अगदी जवळ कुणीतरी पुटपुटलं, "द हीट इज बिझी मेकिंग स्टीम, सर."

त्या तासात असं चारदा झालं. चारही वेळा उत्तर बरोबर आणि चारही वेळा गाडी सुटून गेलेली.

शाळा सुटल्यावर दुखानच्या रस्त्यावर सरांनी ते ऐकलं. पहिल्यांदा त्यांना वाटलं, खरखर असेल. त्यांनी मागं नेऊन पुन्हा लावलं. मग पेट्रोल पंपावर गाडी बाजूला घेतली, एसी बंद केला आणि मला कानाला लावलं. बाहेर बेचाळीस अंश ऊन. सर घामाने निथळत होते आणि पुन्हा पुन्हा तेच वाक्य ऐकत होते. सातव्यांदा ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "या अल्ला, मी हिला गावी पाठवतोय."

घरी मैमुनाने ऐकलं. मग म्हणाली, "पोरीला उशीर होत नाहीये हो. घाई तुम्हाला आहे."

दुसऱ्या दिवशी सरांनी मॅडमना स्वतःहून ऐकवलं. आपलं उघडं पडणं आपल्याच हाताने दुसऱ्यापुढे ठेवायला छाती लागते. मॅडमनी एका शब्दानेही टोचलं नाही.

"थांबायला शिका, सर. वाटतं तेवढं सोपं नाही."

खरंच नव्हतं! सर प्रश्न विचारायचे, थांबायचे, आणि दोन सेकंदांत उत्तर तोंडातून निसटायचं. एकोणीस वर्षांची खोड, जित्याची खोड म्हणतात ना, तशी. शेवटी मॅडमनी युक्ती सांगितली. प्रश्न विचारला की बाटलीतल्या पाण्याचा मोठा घोट घ्यायचा आणि हळूहळू गिळायचा. तोंडात पाणी असताना माणूस बोलणार कसा? त्या आठवड्यात सर एवढं पाणी प्यायले की मुलांना वाटलं, सरांना साखरेचा आजार झाला. पण वर्ग बदलत गेला. आधी मुलं चुळबुळली, मग एकमेकांकडे बघू लागली, मग विचार करू लागली. आणि गुरुवारी, घोट अर्धा गिळून झाला होता तेव्हा, शेवटच्या बाकावरून आवाज आला. या वेळी तो सरांपर्यंत पोहोचला. सरांना ठसका लागला. "करेक्ट, हनिया," एवढंच ते म्हणाले, पण त्यांचा आवाज ओला झाला होता, तो मी टिपला आहे.

पण सुट्टीला आता तीनच आठवडे उरले होते. सरांनी मुदस्सिरभाईंना बोलावून घेतलं. ते आले, तेच शाळा सोडल्याच्या दाखल्याचा भरलेला अर्ज हातात घेऊन. सरांनी आधी हनियाला विचारलं, "तुझा आवाज पप्पांना ऐकवू?" तिने मान डोलावली. मग सरांनी मला त्या बापलेकींच्या मध्ये ठेवलं आणि चारही उत्तरं ऐकवली.

"मुदस्सिरभाई, पोरगी प्रत्येक वेळी बरोबर आहे. मीच थांबत नव्हतो. मी तुम्हाला दिलेला सल्ला चुकीचा होता. मला माफ करा."

एवढ्या नावाजलेल्या शिक्षकाने पालकासमोर आणि विद्यार्थिनीसमोर हे बोलावं! मी खूप आवाज ऐकलेत, पण यापेक्षा मोठा ऐकलेला नाही.

मुदस्सिरभाई माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "घरीपण असंच होतं, सर. मी विचारतो आणि मीच सांगून मोकळा होतो." ते मुलीकडे वळले. "हनिया, तुला जायचंय का श्रीवर्धनला?"

मी चालूच होतो. माझ्या पडद्यावरचे आकडे पुढे सरकत होते. पाच. सहा. मुदस्सिरभाईंनी तोंड उघडलं, तर सरांनी त्यांच्या हातावर अलगद हात ठेवला. आठ. नऊ. अकराव्या सेकंदाला ती बोलली, आणि चक्क मराठीत बोलली.

"नाही, पप्पा. मला तुमच्याजवळ राहायचंय. पण मला कुणी विचारलंच नव्हतं."

मुदस्सिरभाईंनी अर्जाची घडी केली, पुन्हा घडी केली, आणि मुलीला जवळ घेतलं.

मित्रांनो, माझी काळजी म्हणाल तर फार नाही. लांब सुट्टीत माझे सेल तेवढे काढून ठेवा, नाहीतर आतून गंजून जाईन. आणि तुमचे शिक्षक शनिवारी बाकावर बसून शिकताना दिसले तर हसू नका, कारण एकोणीस वर्षांनंतर पुन्हा शिकायला बसणं हे पहिलीत बसण्याहून अवघड असतं. बाकी एकच मागणं आहे. कुणाला काही विचारलंत, तर त्याचं उत्तर त्याच्याकडूनच ऐका. ते यायला अकरा सेकंद लागले, तर अकरा सेकंद थांबा.